तीस चेहऱ्यांची मोजणी

भिवंडीहून परत येऊन पंधरा दिवस झाले. आमच्या मंगळवेढ्यात प्रवासाहून आलेल्या माणसाला धड चहासुद्धा पिऊ देत नाहीत, आधी सगळं वदवून घेतात. मी म्हणतो, "तीन दिवस लोकांच्या गालांची जाडी मोजली." मग समोरचा आधी हसतो, नंतर माझ्याकडे नीट बघतो आणि शेवटी विषय बदलून ज्वारीच्या भावावर येतो. त्याचं चुकत नाही. तीन दिवस मी स्वतःही गोंधळलेलाच होतो, आणि थोडा अजून आहे. म्हणून एकदाचं लिहून काढतो.

मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो. लोक आम्हाला मोजणीवाले म्हणतात. एकतीस वर्षं शेतं मोजली, बांधावरची भांडणं पाहिली, दोन्हीकडच्या शिव्या खाल्ल्या आणि निवृत्त झालो. माझी भाची मृणाल डॉक्टर आहे. भिवंडीत भाड्याने राहते आणि सोनोग्राफीचं पुढचं शिक्षण घेते. तिचा फोन आला, "मामा, तीन दिवस ये ना. मोजणीचं काम आहे." मला वाटलं, पोरीने प्लॉट घेतला. "टेप आणू का?" म्हणून विचारलं. ती म्हणाली, "टेप नको, चष्मा आण."

धामणकर नाका, पहिला दिवस

कल्याणपर्यंतचा प्रवास सांगण्यासारखा नाही. पुढे शेअर रिक्षात मला ड्रायव्हरच्या शेजारी जागा मिळाली. जागा म्हणजे काय, अर्धा मी रिक्षात होतो आणि अर्धा भिवंडीत. धामणकर नाक्यावर टेम्पो, ट्रक, हातगाड्या, रिक्षा सगळे एकाच वेळी एकाच बिंदूवर पोचायचा प्रयत्न करत होते, आणि गंमत म्हणजे पोचतही होते. कुणी रागावलेलं दिसेना. आमच्याकडे दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या तरी अर्धा तास पंचायत बसते. गल्लीगल्लीतून लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, खडखडाट येत होता. तासाभराने तो ऐकू येईनासा झाला आणि मी बिनकारण मोठ्याने बोलायला लागलो.

मृणालचं काम नाक्याजवळच्या एका सोनोग्राफी सेंटरमध्ये होतं. तिच्या ओळखीच्या डॉक्टरांनी दुपारी दोन ते पाच अशी तीन दिवस खोली दिली होती. कातडी पाहण्यासाठी एक वेगळा, फार बारीक पाहणारा प्रोब, म्हणजे मशीनचं टेकवायचं टोक, लागतो. तो तेवढ्यापुरता आणलेला, आणि तिसऱ्या दिवशी पाचच्या ठोक्याला परत जाणार होता. मशीन जागचं हलवायला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे माणसांनीच मशीनकडे यायचं.

"कशाची सोनोग्राफी?" मी विचारलं.

"चेहऱ्याच्या कातडीची. कपाळ, गाल, हनुवटी. निरोगी माणसांची."

"निरोगी माणसाला कशाला त्रास देतेस?"

तिने मलाच टेबलावर आडवं केलं. गालावर थंडगार जेलचा हा एवढा ढीग घातला आणि प्रोब त्या ढिगावर अलगद टेकवला. कातडीला लागूच दिला नाही. दाबलं की कातडी चेपते आणि माप कमी येतं, म्हणून. पडद्यावर वर एक पांढरी रेघ, तिच्याखाली करडा पट्टा, त्याखाली काळोख. "करडा पट्टा म्हणजे तुझी कातडी, खालचा काळोख म्हणजे चरबी," ती म्हणाली. मला हसू आलं. "मामा, हसू नकोस, गाल हलतो." पट्ट्याच्या वरच्या आणि खालच्या कडेला तिने दोन ठिपके ठेवले आणि आकडा आला. दीड-दोन मिलिमीटरच्या घरातला. ज्याने जन्मभर गुंठे मोजले, त्याला मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हिशेब वाचायला लागावा, याला काय म्हणावं.

काही आजारांत चेहऱ्याची कातडी दगडासारखी घट्ट होते, कुणाची भाजल्यावर जाड होते. ती किती बिघडली हे कळायला चांगल्या कातडीचं माप आधी माहीत हवं. एवढं मला समजलं. दुसरी अट अशी, की प्रत्येकाला दोन दिवस, दोनदा मोजायचं, तिसरा दिवस हुकलेल्यांसाठी राखीव. दोन्ही मापं जुळली तरच पद्धत खरी. दुसऱ्या वेळी मोजताना मृणालला पहिला आकडा दिसता कामा नये, म्हणून लिहायला तिसरा माणूस हवा होता. तो मी. तिच्या मदतनीस मुलीची परीक्षा आली होती.

बरोबर दोन वाजता एक टेम्पो आला आणि त्यातून तीस माणसं उतरली. त्यांना आणणारा बाळारामदादा, अंजूर गावचा. एका लूमच्या शेडवर मुकादम होता. मृणालने त्याच्या आईवर उपचार केले होते, तेव्हापासून तो तिला मानायचा. शेडची लाइट दोन दिवस बंद राहणार होती, म्हणून सगळे मोकळे होते. पन्नाशीचा, रुंद छातीचा गडी. त्याने माझा हात धरला तो सोडलाच नाही.

"मामा, एक सांगा मना. यांना झालंय काय?"

"काही झालेलं नाही. म्हणून तर हवेत."

"मंग मोजता कशाला?"

मी म्हटलं, "शेजाऱ्याने बांध कोरला हे सिद्ध करायला मूळ नकाशा लागतो की नाही? हा मूळ नकाशा आहे."

त्याला ते तिथल्या तिथे पटलं. "आमच्याकरं फुटाफुटाला भांडान हाय. आता समजला." मग मागे वळून त्याने सगळ्यांना समजावलं, आणि मला म्हणाला, "आज तीस, उद्या तीस. एक खाडा न्हाय व्हनार. माजा शब्द हाय." खाडा म्हणजे गैरहजेरी. शेडमध्ये त्याच्या वहीत तेवीस वर्षांत स्वतःच्या नावापुढे एक खाडा नव्हता, हेही त्याने सांगितलं. यादीत पहिला नंबर त्याचाच लागला.

बायका, पुरुष, सगळे लग्नाला निघाल्यासारखे नटून आले होते. चेहऱ्याची तपासणी, मग पावडर नको का? मृणाल ओल्या कापसाने पावडर पुसत होती आणि बिचारे हळहळत होते. कांडीवर सूत भरणारी हिरूबाय नावाची एक बाई होती. उजवाच गाल मोजणार म्हटल्यावर म्हणाली, "डावा पन मोजा वो, न्हायतं तो रुसंल." खोलीभर हशा पिकला. चौदा नंबरच्या पांडुरंगच्या गालावर नेमक्या जागी मस निघाली. मृणाल म्हणाली, "मस टाळून," आणि मी शेऱ्यात तसं लिहिलं. पाचला पाच मिनिटं कमी असताना तीस पुरे झाले.

धामणकर नाका, दुसरा दिवस

दुसऱ्या दिवशी टेम्पो नव्हता. माणसं दोन-दोन, चार-चार अशी शेअर रिक्षाने येत राहिली. पण आली. मी नाव पुकारायचं, माणसाने आत येऊन आडवं व्हायचं, मृणालने डोळे पडद्यावर लावायचे, मी आकडा लिहायचा. काही गोष्टी मला विचित्र वाटल्या. "पांडुरंग" असं तीनदा पुकारलं तेव्हा कुठे एक जण दचकून उठला. मला वाटलं, लूमच्या आवाजाने कान गेले असतील. हिरूबाय आदल्या दिवशी एवढी बोलकी, ती आज तोंड मिटून आली आणि तोंड मिटून गेली. मला वाटलं, दाढ दुखत असेल. एकदा मनात आलं की कालची माणसं जरा वेगळी दिसत होती, पण काल पावडर होती, आज नव्हती. माणसाचं मन शंका फेडायला किती तत्पर असतं बघा.

पाच वाजता मृणाल खूश होती. "तीसच्या तीस! अशी माणसं मिळत नाहीत, मामा." रात्रीच्या जेवणाआधीच आम्ही आकडे शेजारी-शेजारी मांडले.

अकरा जणांचे आकडे असे जुळले की एकावर एक ठेवावेत. उरलेल्या एकोणिसांचे कुठल्या कुठे. कुणाचा गाल रातोरात जाड झालेला, कुणाचं कपाळ पातळ. मी चष्मा पुसून पुन्हा वाचले. माझ्याच हातून ओळ चुकली असेल म्हणून पहिल्यापासून लावून पाहिले. तसंही नव्हतं.

मृणालने कारणं काढायला सुरुवात केली. एसी जास्त होता का, जेल कमी पडलं का, कुणी दाढी करून आलं होतं का. प्रत्येक कारण त्या अकरा जणांपाशी येऊन अडायचं. त्यांना तोच एसी आणि तेच जेल होतं. शेवटी ती आपल्या उजव्या हाताकडे बघत बसली.

"माझा हात दाबतोय, मामा. मला कळत नाहीये आणि हात दाबतोय."

"अकरा जणांना नाही दाबला तो?"

"ते नशिबाने जुळले असतील." तिचा आवाज भरून आला. "दोन वर्षं यावर घालवलीत. सर स्पष्ट म्हणालेत, स्वतःचीच दोन मापं जुळत नसतील तर पुढचं लिहूच नकोस. उद्या पाचला प्रोब जातो. आणि खरं सांगू? ज्या हातावर भरवसा नाही, त्याने उद्या एखाद्या आजारी माणसाला मी काय सांगणार?"

मला फार वाईट वाटलं. या पोरीला मी खांद्यावर घेऊन सिद्धेश्वराची जत्रा दाखवलीय. धीर द्यायला मोजणीवाल्याचं शहाणपण सांगितलं. माप चुकलं की तीनच कारणं. मोजायची साखळी खराब, हात खराब, नाहीतर कुणीतरी बांधाचा दगड हलवलाय.

ती रडता-रडता हसली. "मामा, शेतातला दगड हलेल. माणसाचा गाल रातोरात कुठे जाईल?"

मी उठून तिच्यासाठी ताट वाढलं.

अंजूर, तिसऱ्या दिवसाची सकाळ

बाळारामदादाने पहिल्या दिवशीच बजावलं होतं, "परवा सकाली आमच्याकरं जेवाला या. दुपारपाळी हाय माजी, तवर मोकला हाय." मृणालला यायचं नव्हतं. ती सेंटरवर जाऊन मशीन तपासणार होती. मी एकटाच रिक्षाने निघालो. खरं म्हणजे एसीत बसून माणसाचे गाल सुजतात का, हे कुणाला तरी विचारायचं होतं.

अंजूरच्या रस्त्याला मोजणीवाल्याच्या डोळ्याला चैन पडत नाही. भाताच्या खाचरांचे जुने बांध वळणावळणाने जातात आणि मध्येच गोडाऊनची सरळसोट भिंत येऊन त्यांना कापते. एका गोडाऊनच्या पत्र्याच्या सावलीत म्हैस बसली होती. जमीन कुठे संपते आणि खाडी कुठे सुरू होते हे रिक्षावाल्याला विचारलं, तर म्हणाला, "भरतीवर हाय ते." सरकारी नकाशात असा शेरा लिहायची सोय नाही.

दादाच्या घरी पाट मांडून ताट वाढलं होतं. तांदळाची भाकरी, कागदासारखी पातळ, आणि तिच्याशेजारी निवट्यांचं कालवण. निवटे म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारे मासे. मी ज्वारीवर वाढलेला माणूस. भाकरी हाताने चुरायला गेलो तर ती चुरेना, नुसती फाटायला लागली. दादाच्या आईने बाजूला बसून मला कशी मोडायची ते लहान मुलाला दाखवावं तसं दाखवलं. निवटा मात्र मी डोळे मिटून खाल्ला आणि डोळे उघडून दुसरा मागितला.

तेवढ्यात दारातून एक उंच, किडकिडीत माणूस आत आला. "राम राम मामा. वलखला का?"

मी ओळखलं नाही. पण त्याच्या उजव्या गालावर, नेमक्या जागी, मस होती.

"पांडुरंग ना तुम्ही?" मी म्हणालो. मग मला आठवलं, की कालच्या पानावर चौदा नंबरपुढे 'मस टाळून' असा शेराच नव्हता. "काल तुम्ही आला होता ना?"

"न्हाय. काल माजी ड्युटी व्हती."

"मग काल पांडुरंग म्हणून कोण आलं होतं?"

"माजा चुलतभाव. बदली दिलता ना मी."

मी हातातला घास ताटात ठेवला. बाळारामदादा मात्र अभिमानाने सांगत होता. काल सकाळीच लाइट आली, शेठने दुपारपाळीच्या एकोणीस जणांना कामावर बोलावलं; उरलेले अकरा रातपाळीचे, ते स्वतःच नाक्यावर गेले. मोजणी दोन वाजता. आता शब्द दिलेला, मग खाडा कसा पाडायचा? लूमवर कुणाला अडचण आली की तो आपल्या जागी दुसरा माणूस धाडतो. लूम बंद पडत नाही, हजेरी लागते, कुणाला बोल लागत नाही. त्याला बदली म्हणतात. तसेच त्याने एकोणीस बदली गोळा करून नाक्यावर धाडले होते. कुणाचा भाऊ, कुणाचा शेजारी, हिरूबायची जाऊ. त्याच्या स्वतःच्या जागी त्याचा धाकटा भाऊ, अगदी त्याच्याच बांध्याचा, आणि मी वहीतून मान वर केलीच नव्हती. सगळ्यांना ताकीद दिलेली, की नाव पुकारलं की उठायचं.

"एक पन खाडा न्हाय परला, मामा," तो म्हणाला.

मला हसावं की ओरडावं कळेना. शेवटी विचारलं, "दादा, तुमच्या शेताची मोजणी काढली आणि मी शेजाऱ्याचं शेत मोजून त्यावर तुमचं नाव लिहिलं, तर?"

तो हसत होता, तो थांबला. त्याने आपलं ताट बाजूला सारलं. "लूमला कोनाचा हात हाय त्याचा फरक न्हाय परत," तो हळू आवाजात म्हणाला. "मना वाटला, मशीनला पन न्हाय परनार. आमी पोरीचा काम बिघारला काय?"

मी मृणालला फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग एकच विचारलं, "म्हणजे माझा हात बरोबर होता?" मी हो म्हणालो, तर पलीकडून नुसता हुंदका आला. तिने तिच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, बदली आलेल्यांची मापं वापरायची नाहीत, झालं ते जसंच्या तसं लिहायचं, आणि जमलं तर त्याच माणसांना आज पुन्हा मोजायचं.

त्याच माणसांना. आणि ती सगळी आज दुपारी ड्युटीवर.

बाळारामदादाने हात धुतले, फोन उचलला आणि अंगणात फेऱ्या मारायला लागला. मराठीत सुरू केलेलं वाक्य हिंदीत संपवत, शेठला, पोरांना, शेजाऱ्यांना, "लूम एक भी बंद नहीं होगा शेठ, जबाबदारी मेरी," असं त्याचं चाललं होतं. अर्ध्या तासाने माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "बदली आज लूमवर उभे रावतील. मानसा तुमच्याकरं येतील. जावा तुमी."

धामणकर नाका, पाच वाजेपर्यंत

दोन वाजता कुणीच आलं नाही. सव्वादोनला हिरूबाय आली आणि टेबलावर पडता-पडता म्हणाली, "माजी जाव काल काय बोलली काय? तिला बोलाला येत न्हाय." तिच्यामागून एकेक येत गेले. केसांत कापसाचे तंतू, अंगाला तेलाचा वास, पावडर कुणालाही नाही. प्रत्येकाला घाई. परत जाऊन बदलीला सोडवायचं होतं.

मी त्या दिवशी नाव पुकारल्यावर मान वर करून प्रत्येकाकडे बघत होतो. आदल्या दोन दिवसांत या माणसांची कातडी मी शंभराव्या भागापर्यंत लिहिली होती, आणि एकाचाही चेहरा बघितला नव्हता. एकतीस वर्षं मोजणी केलेल्या माणसाला याची लाज वाटली. मला ती तेव्हा वाटली, आता लिहितानाही वाटते.

आकडे जुळत होते. मृणालला सांगायची परवानगी नव्हती, म्हणून मी चेहरा कोरा ठेवत होतो. पण तिला कळत असावं, कारण तिने हाताकडे बघणं सोडलं होतं. साडेचारपर्यंत अठरा जण झाले. आदल्या दिवशीचे खरे अकरा धरून एकोणतीस. राहिला एक नंबर, बाळारामदादा. दाराशी प्रोब न्यायला आलेला माणूस घड्याळ बघत बसला होता.

पावणेपाचला माझा फोन वाजला. पलीकडे लूमचा एवढा खडखडाट, की शब्द वेचून घ्यावे लागत होते.

"मामा, एकोनतीस पोचली?"

"पोचली. तुम्ही राहिलात. कुठे आहात?"

"शेडवर. माजा भाव बदली उभा रावनार व्हता, त्याची स्वताची ड्युटी निंगाली. आनखी दोघा आलीच न्हाय. त्यांच्या जागंवर मी हाय. मी सोरला तं लूम बंद परतील, मंग शेठ या मानसांचा खाडा लावंल."

"दादा, पाच वाजता मोजणी बंद होते."

"म्हाईत हाय. मना बदली कोन न्हाय, आनि आता बदली मी पाठवनार पन न्हाय." मग खडखडाटावर आवाज चढवून म्हणाला, "माज्या नावाम्होरं खाडा लिवा."

मी "बरं" म्हणालो. फोन ठेवला तेव्हा समोर मृणाल हातात जेलची बाटली घेऊन उभी होती.

"एक नंबर?"

"येत नाहीत."

तिने बाटली खाली ठेवली. "एकोणतीस पुरतात, मामा. एक का गळला ते मात्र खरं लिहायचं." आणि मग, अगदी लहानपणी विचारायची तसं, "जुळले?"

मी रजिस्टर तिच्याकडे फिरवलं. तिने बोट ठेवून एकेक ओळ वाचली, शेवटपर्यंत, आणि हातरुमाल नव्हता म्हणून माझ्याच बाहीला डोळे पुसले.

प्रोब गेला. मी पहिलं पान उघडलं. बाळारामदादाच्या नावापुढे दुसऱ्या मापाची जागा कोरी होती आणि तिच्याशेजारी 'गैरहजेरीचं कारण' असा छापील रकाना. आजारी, परगावी, इच्छा नाही. यातल्या एकावर खूण करायची. मी पेन तिन्हींवरून फिरवला, एकही बसेना. शेवटी समासात बारीक अक्षरात लिहिलं, 'इतर सहभागी हजर राहावेत म्हणून त्यांच्या जागी कामावर उभे होते.' त्याखाली मृणालने सही केली, मीही केली. एवढं करूनही त्या माणसाला त्या दिवशी हजर धरायचं की गैरहजर, हे मला कळलं नाही, आणि मंगळवेढ्याला येऊन पंधरा दिवस झाले तरी कळलेलं नाही.